हुकूम आणि पोच

झाशी विभाग 2003 पर्यंत मध्य रेल्वेत होता आणि मध्य रेल्वेचा कारभार मुंबईतून चाले. झाशीचे राज्यकर्ते असलेल्या नेवाळकरांच्या काळापासून या शहरात मराठी घरं नांदत आली आहेत, त्यात रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे भर पडली. नगरा हा झाशीचा रेल्वेवाल्यांचा भाग. इथल्या मराठी घरांतली आताची मुलं बाहेर हिंदी बोलतात आणि घरातही निम्मी हिंदीच. शाळेत देवनागरी शिकलेली असल्यामुळे आरतीचे शब्द समोर दिसले की ती नीट म्हणतात, पण पाठ नसते. म्हणून गणपतीत आरतीच्या वेळी मोठ्या टीव्हीवर शब्द दाखवायची पद्धत पडली, आणि शब्द दाखवायचे म्हणजे पॉवरपॉइंट.

अडचण आरतीच्या स्वभावातच आहे. स्लाइड्स एकामागून एक सरकतात, आरती तशी चालत नाही. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपदाकडे परत यावं लागतं. कुणी वडीलधारे मधलं कडवं गाळतात. गणपतीची झाली की शंकराची घ्यायची की देवीची, हे ज्याचा आवाज आधी चढेल त्यावर ठरतं. लॅपटॉपपाशी बसलेल्या मुलाची मग धांदल उडते, टीव्हीवर भलतंच कडवं येतं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं तीच मुलं गप्प होतात.

या घरांतली एक मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. टीव्हीवर पॉवरपॉइंटचा स्लाइड शो आणि लॅपटॉपवर तिच्या प्रोग्रॅमची खिडकी. खिडकीत आरत्यांची नावं आणि नावाखाली कडवी. ज्यावर टिचकी माराल तिथे टीव्हीवरचा शो जातो. तिचे काका सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे पटलं नाही. दोघांचं बोलणं इथे देतो आहे, कारण वाद आरतीपुरता नाही. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला हाकावं का, आणि हाकायचं तर कोणत्या शिस्तीने, हा प्रश्न शाळेच्या सभागृहापासून कार्यालयातल्या लग्नापर्यंत कुठेही उभा राहू शकतो.

काका: मला आधी एवढं सांग, याची गरज काय? शो चालू असताना चौदा टाइप करून एंटर दाबलं की चौदावी स्लाइड येते. बी दाबलं की पडदा काळा होतो. हे पॉवरपॉइंटनेच दिलेलं आहे. एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, गणपती एक, शंकर सात, देवी बारा. झालं काम.

पुतणी: पुठ्ठा होता, काका. कुणीतरी दत्ताच्या आरतीत एक स्लाइड वाढवली आणि तिच्यापुढचे सगळे आकडे एकेकाने सरकले. पुठ्ठा मात्र तसाच राहिला.

काका: मग प्रेझेंटर व्ह्यू लाव. त्यात लॅपटॉपवर सगळ्या स्लाइड्सची छोटी चित्रं दिसतात. हवी त्यावर टिचकी मारायची.

पुतणी: आपल्या सगळ्या स्लाइड्स दिसायला सारख्याच आहेत, भगव्या कडा आणि मध्ये चार ओळी. एवढ्या बारीक चित्रांतून दहा वर्षांच्या मुलाने देवीचं तिसरं कडवं कसं शोधायचं? त्याला नाव हवं. नाव वाचायचं आणि दाबायचं.

काका: बरं. पण तुझा प्रोग्रॅम तरी दुसरं काय करतो? आतून तीच बटणं दाबत असेल.

पुतणी: तसंही करता येतं. सेंडकीज म्हणतात त्याला, पण तो मार्ग मी घेतला नाही. त्यात दाबलेलं बटण त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिला जाऊन पोचतं. अँटिव्हायरसची सूचना मध्येच वर आली तर माझं एंटर तिच्यावर पडणार आणि टीव्हीवर काहीच हलणार नाही. मी पॉवरपॉइंटशी सरळ बोलते. विंडोजमध्ये त्यासाठी कॉम नावाची व्यवस्था 1993 पासून आहे. ‘पॉवरपॉइंट.ॲप्लिकेशन’ या नावाने मागणी केली की विंडोज ते नाव रजिस्ट्रीत शोधतं, पॉवरपॉइंट चालू नसेल तर चालू करतं आणि त्याचा ताबा माझ्या प्रोग्रॅमकडे देतं. मग उघडलेल्या फाइल्स, त्यांतल्या स्लाइड्स, स्लाइडवरच्या मजकुराच्या चौकटी, असं आत आत जाता येतं. शो सुरू झाला की त्याची खिडकी मिळते आणि त्या खिडकीचा व्ह्यू. नेक्स्ट, प्रीव्हियस, गोटूस्लाइड, एक्झिट हे हुकूम त्या व्ह्यूला द्यायचे. लॅपटॉपवर पुढे कोणती खिडकी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण पुढच्या वादाचं मूळ त्यात आहे. पॉवरपॉइंट एप्रिल 1987 मध्ये मॅकिन्टॉशवर आलं. फोरथॉट नावाच्या लहान कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक पट्ट्या घरच्या घरी, काळ्या-पांढऱ्यात छापता याव्यात एवढं त्याचं पहिलं काम होतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1 कोटी 40 लाख डॉलरला ती कंपनी घेतली. 1990 मध्ये विंडोजवरची आवृत्ती आली, आणि ऑफिस 97 मध्ये पॉवरपॉइंटला व्हीबीए ही आज्ञांची भाषा मिळाली. समोर उभं राहून बोलणाऱ्या माणसाच्या हातात राहावं म्हणून ते जन्माला आलं होतं. त्याचा लगाम दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायची पुरती सोय दहा वर्षांनी जोडली गेली. त्यामुळे आजही कित्येक ठिकाणी ते समोर माणूस बसला आहे असंच धरून चालतं. एखादी चौकट उघडतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं.

काकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

काका: आमच्या खात्यात पॅनेलवर बटण दाबलं म्हणजे रुळांचा सांधा फिरला, असं कोणी धरत नाही. पॉइंट मशीन चालते, सांधा बसतो, कुलूप पडतं. सगळं जागेवर असल्याचं डिटेक्शन परत आलं तरच सिग्नल हिरवा होतो. बटण दाबणं आणि सांधा बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मधल्या काळात काहीही होऊ शकतं. सांध्यात खडी अडकते. तू हुकूम देतेस हे कळलं. पोच कुठे आहे?

पुतणी: पोच आहे. ती नसेल तर काय होतं ते सांगते. समजा माझ्या प्रोग्रॅमने नुसती मोजणी ठेवली, तीनदा नेक्स्ट दाबलं म्हणजे आपण चौथ्या स्लाइडवर. हे चूक ठरतं. नेक्स्ट म्हणजे पुढची स्लाइड नव्हे, पुढची पायरी. एखाद्या स्लाइडवर ओळी एकेक करून येणारं ॲनिमेशन असेल तर तीनदा नेक्स्ट देऊनही आपण त्याच स्लाइडवर. लॅपटॉपवरची यादी पुढे गेलेली, टीव्ही मागे.

काका: आणि कुणी हातातला रिमोट दाबला तर?

पुतणी: तेच. मोजणी त्याला पकडणार नाही. म्हणून मी मोजतच नाही. स्लाइड बदलली की पॉवरपॉइंट स्वतःहून तसं कळवतं, त्या सूचनेचं नाव स्लाइडशोनेक्स्टस्लाइड. ती आली की मी व्ह्यूला विचारते, आता कोणती स्लाइड दिसतेय? उत्तर येईल ते नाव यादीत पिवळं होतं. बदल माझ्या बटणामुळे झाला की रिमोटमुळे की कुणी कळफलकावर बोट ठेवल्यामुळे, मला फरक पडत नाही. टिचकी मारल्याबरोबर नाव पिवळं होत नाही, काका. टीव्हीवर स्लाइड आल्यावरच होतं.

काका: हे बरं केलंस. आणि एस्केप दाबलं तर?

पुतणी: शो संपल्याची वेगळी सूचना येते. त्या क्षणापासून जुना व्ह्यू मेलेला असतो, त्याला हुकूम दिला की एरर. म्हणून सगळी बटणं करडी होतात आणि ‘शो सुरू करा’ एवढं एकच बटण उरतं. शो आपोआप परत सुरू करत नाही. कुणी मुद्दाम थांबवला असेल.

काका: ते आकडे सरकण्याचं काय केलंस? तू आतून आकडेच वापरत असशील तर पुठ्ठा आणि प्रोग्रॅम यात फरक काय?

पुतणी: प्रत्येक स्लाइडला दोन आकडे असतात. एक तिची जागा, इंडेक्स. मध्ये स्लाइड घातली की तो बदलतो. दुसरा तिची ओळख, स्लाइडआयडी. स्लाइड कुठेही हलवा, तो तोच राहतो. मी यादी स्लाइडआयडीवर बांधली आहे. गोटूस्लाइड जागेचा आकडा मागतं, म्हणून हुकूम देण्याच्या क्षणी ओळखीवरून जागा शोधते. आणि आरत्यांची नावं फाइलीतल्या सेक्शन्सवरून येतात. काकूने नवा सेक्शन केला, त्याला ‘विठ्ठल’ नाव दिलं, की यादीत विठ्ठल येतो. तिला माझा प्रोग्रॅम माहीत असायची गरज नाही.

मला या दोघांच्या बोलण्यातला सर्वात महत्त्वाचा भाग यानंतरचा वाटतो. प्रोग्रॅम सुरू कसा करायचा यावर लोक दिवसच्या दिवस घालवतात, बंद कसा करायचा यावर कुणी फारसा विचार करत नाही.

काका: गणपती मंडळाचा लॅपटॉप एकच आहे. आरतीच्या आधी खजिनदार त्यावर हिशेबाचं प्रेझेंटेशन करत बसतात. ते तसंच उघडं टाकून आरतीला उठतात. आरती संपली, तू तुझा प्रोग्रॅम बंद केलास. त्यांच्या फाइलीचं काय?

पुतणी: हा खरा धोका आहे. वर्ड आणि एक्सेलच्या दोन-दोन स्वतंत्र प्रती चालवता येतात. पॉवरपॉइंटची एकच चालते. मी नवं मागितलं तरी आधीपासून चालू असलेलंच हातात येतं. मग जाताना मी क्विट म्हटलं तर ते माझ्यापुरतं राहत नाही, खजिनदारांचं पॉवरपॉइंटही तेच आहे. आणि क्लोज त्याहून वाईट. हाताने फाइल बंद केली तर पॉवरपॉइंट ‘सेव्ह करायचं का’ विचारतं. प्रोग्रॅममधून क्लोज दिलं तर न विचारता बंद करतं. चुकीच्या फाइलीला क्लोज गेलं तर तासाभराचं काम गेलं.

काका: मग?

पुतणी: तीन गोष्टी केल्या. आरतीची फाइल उघडतानाच रीडओन्ली उघडते, म्हणजे माझ्याकडून तिच्यात काही लिहिलंच जाणार नाही. ती मी उघडली की आधीच उघडी होती याची नोंद ठेवते, आणि मी उघडली असेल तरच बंद करते. आणि क्विट देण्याआधी उघड्या फाइल्स मोजते. एकही उघडी असेल तर क्विट नाही.

काका: तिसरी गोष्ट काढून टाक.

पुतणी: का?

काका: मोजणं आणि क्विट देणं यांच्यामध्ये कुणी फाइल उघडली तर? क्विट दिलं नाही तर काय बिघडतं? रिकामं पॉवरपॉइंट उघडं राहील, एवढंच ना? ते कुणीतरी हाताने बंद करेल. ज्या हुकमाची गरज नाही तो पॅनेलवर ठेवू नये.

इथे पुतणी थोडा वेळ गप्प होती. काकांचं म्हणणं तिने मान्य केलं, आणि मला वाटतं मान्य करायलाच हवं होतं. प्रोग्रॅमरांना सगळं आवरून जायची सवय असते आणि ती चांगलीच आहे. टास्क मॅनेजरमध्ये पॉवरपॉइंट मागे रेंगाळत राहिलं तर त्यांना चैन पडत नाही. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये धरून ठेवलेले ऑब्जेक्ट सोडून द्यावेत, ते कर्तव्यच आहे. पण समोरचा प्रोग्रॅम माणसांच्या रोजच्या वापरातला असतो तेव्हा तो बंद करायचा अधिकार माणसाकडेच राहू द्यावा.

काका: आता माझा मोठा आक्षेप ऐक. आरती म्हणजे शेवटी मजकूर. तू तो तुझ्याच खिडकीत मोठ्या अक्षरात का दाखवत नाहीस? नाहीतर प्रत्येक स्लाइडचं चित्र करून ठेव आणि चित्रं दाखव. मध्ये पॉवरपॉइंट कशाला? दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं यंत्र बसवायचं, मग त्याने आपलं काही बदललं की आपलं बंद. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पॉवरपॉइंटला तुझं कॉम लागू होत नाही. उद्या मंडळाने लॅपटॉपऐवजी टॅब्लेट घेतला तर तुझं सगळं फुकट. आणि तू पुण्यात.

पुतणी: चित्रं काढता येतात, स्लाइडला एक्स्पोर्ट म्हटलं की पीएनजी मिळते. पण काकू आरतीच्या अर्धा तास आधी पाठभेद दुरुस्त करते. कुणी फोटो घालतं, कुणी प्रसादाच्या घरांची नावं. ते सगळ्यांना पॉवरपॉइंटमध्ये येतं. शब्द माझ्या खिडकीत ठेवले तर प्रत्येक दुरुस्तीसाठी मला फोन येईल. तुम्ही म्हणता मी पुण्यात; म्हणूनच मजकूर माझ्या प्रोग्रॅममध्ये नको, त्यांच्या फाइलीत हवा. शिवाय हे मी एकटीच करत नाही. चर्चमध्ये गाण्यांचे शब्द दाखवायला ओपनएलपी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. गाण्यांचे शब्द ते स्वतः दाखवतं, पण कुणी प्रेझेंटेशन आणलं तर विंडोजवर पॉवरपॉइंटला याच कॉममधून हाकतं, आणि लिबरऑफिसच्या इम्प्रेसला त्याच्या यूएनओ नावाच्या व्यवस्थेतून.

काका: म्हणजे त्यांनीही शब्द स्वतःच दाखवले. माझंच म्हणणं झालं.

पुतणी: अर्धं झालं. त्यांच्याकडे गाण्यांचा साठा सांभाळणारी माणसं असतात. आपल्याकडे काकू आहे आणि तिची फाइल आहे.

काका: आणि गडबड झाली तर? आमच्याकडे काही बिघडलं की सिग्नल लालवर जातो. गाडी उभी राहते, उशीर होतो, पण कुणी मरत नाही. तुझा लाल कोणता? पडदा काळा?

पुतणी: मी तसंच ठरवलं होतं. हुकूम फसला की पडदा काळा करायचा, व्ह्यूची स्टेट बदलली की तो काळा होतो.

काका: चुकतंय. आरतीत पडदा काळा झाला की सगळे थांबतात. जे कडवं दिसतंय ते दिसत राहू दे. पाठ असणारे पुढे जातील, मुलं ध्रुवपदाला येऊन मिळतील. इथे सुरक्षित जागा ती.

पुतणी: मग त्यासाठी मला काहीच करायला नको. पॉवरपॉइंट वेगळी प्रक्रिया म्हणून चालतं. माझा प्रोग्रॅम कोसळला तरी टीव्हीवरची स्लाइड तशीच राहते आणि रिमोट चालतो. माझ्याच खिडकीत शब्द असते तर माझ्याबरोबर तेही गेले असते.

काका: हां. हे मला आधी सांगायला हवं होतंस.

पुतणी: एक फसण्याची जागा मात्र आहे. लॅपटॉपवर पॉवरपॉइंटने एखादी चौकट उघडून ठेवली असेल तर तोपर्यंत ते माझा हुकूम नाकारतं, ‘कॉल नाकारला’ असा एरर येतो. क्षणभर थांबून पुन्हा देते. दोन-चार वेळा देऊनही नाही झालं तर मुलाला सांगते, ‘पॉवरपॉइंटची चौकट बंद करा’. याच कारणाने माणूस नसलेल्या सर्व्हरवर ऑफिस हाकू नये, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. चौकट उघडली तर बंद करणार कोण? आपल्याकडे मूल बसलेलं आहे.

काका: म्हणजे मूल लागतंच.

पुतणी: लागतं. ते असावं म्हणूनच तर हे केलं.

वाद इथे मिटला नाही. काकांचं अजूनही म्हणणं आहे की पाच वर्षांनी ही फाइल उघडेल, तो प्रोग्रॅम चालेलच असं नाही. मला त्यांचं हे म्हणणं बरोबर वाटतं. तरी कौल मी पुतणीला देतो, कारण तिने शब्द प्रोग्रॅममध्ये कोंडले नाहीत. प्रोग्रॅम उद्या काढून टाकला तर फाइल उरते, रिमोट उरतो, वाटल्यास काकांचा पुठ्ठाही उरतो. कोणतंही काम दुसऱ्या प्रोग्रॅमकरवी करून घ्यायचं असेल तर ही कसोटी मी आधी लावेन.

हे बोलणं झालं त्या संध्याकाळी याच रस्त्याने आणखी एक काम झालं. फाइलीतल्या जुन्या काही स्लाइड्स कृतिदेव 010 मध्ये टंकलेल्या होत्या. तो फॉण्ट नसलेल्या लॅपटॉपवर तिथे देवनागरीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. पुतणीने प्रोग्रॅमला प्रत्येक स्लाइडवरच्या प्रत्येक चौकटीचा फॉण्ट विचारायला लावला आणि कृतिदेव सापडेल तिथल्या स्लाइडचं नाव यादीत लाल केलं. काका आणि काकू लाल नावं एकेक करून युनिकोडमध्ये टंकत बसले. काकूने दोन ठिकाणी मूळ फाइलीतलेच चुकलेले शब्द पकडले. ते कुठल्याही प्रोग्रॅमला सापडले नसते.

तुमच्या मंडळात, शाळेत किंवा सभागृहात असा प्रोग्रॅम चालत असेल तर या गणपतीआधी तो लिहिणाऱ्याला शेजारी बसवा आणि त्यात ‘क्विट’ आणि ‘क्लोज’ कुठे कुठे लिहिलं आहे ते दाखवायला सांगा. आरत्यांची फाइल युनिकोडमध्ये करून घ्या आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा.